एकशे एक खुर्च्या, एक पान

आमच्या घरात जेवताना निजामाचं नाव काढायची सोय नव्हती. कुणी काढलंच तर आजी काही बोलायची नाही. हातातला घास हातातच धरून नुसती बघायची, आणि बोलणारा आपोआप गप्प व्हायचा. १९४८ च्या उन्हाळ्यात, एक लेकरू कडेवर आणि एक पोटात अशा अवस्थेत तिनं गाव सोडलं होतं. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं तेव्हा मराठवाड्यातली किती तरी कुटुंबं सरहद्द ओलांडून पलीकडे गेली. बीड-उस्मानाबादकडची बार्शी, सोलापूर, नगरला. आमच्यासारखी परभणीकडची पुसद-वाशीमला. भारताच्या पोलिस कारवाईनंतर १७ सप्टेंबरला हैदराबाद शरण आलं आणि आजी दिवाळीच्या सुमारास परत आली. घराचं दार जागेवर नव्हतं, कणगी रिकामी होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही शेंगदाणे निवडता निवडता.

तिची नात म्हणजे मी. पोरांना इतिहास शिकवते आणि त्यात निजामाचं नाव रोज काढते. हैदराबादला एका चर्चासत्रासाठी गेले होते. शेवटचं सत्र दुपारीच आटोपलं. बरोबरच्या मंडळींनी लाड बाजारात बांगड्या आणि मग कुठंतरी बिर्याणी असा बेत आखला. मी म्हटलं, मी फलकनुमा महालात जेवायला चाललेय. "एकटी?" असं तिघींनी एकदम विचारलं. महागड्या जागी जाण्याबद्दल कुणाची हरकत नव्हती. बाईमाणसानं तिथं एकटीनं बसून जेवावं, हे मात्र कुणाच्या पचनी पडेना. आपल्याकडे एकटी बाई मंदिरात चालते, दवाखान्यात चालते, एसटीत तर चालतेच चालते. पांढऱ्या कापडाच्या टेबलावर एकटी बसली की लोकांना तिची काळजी वाटू लागते.

चारमिनारवरून शहाअली बंडा, इंजन बावली करत रिक्षा दक्षिणेकडे निघाली. हा जुन्या शहरातला गजबजलेला, कष्टकऱ्यांचा भाग. टायरची दुकानं, वेल्डिंगच्या ठिणग्या, पाल्याचे भारे आणि रस्त्याच्या मधोमध बसलेल्या म्हशी. रिक्षावाल्यानं "फलकनुमा टेसन ना?" असं दोनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा मी "महाल" म्हटल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं, आणि फाटकाशी उतरवताना सुट्टे पैसे मोजून परत केले. फाटकावर नाव विचारलं, यादीत सापडलं. मुक्कामाला येणाऱ्यांसाठी तिथून घोड्यांची बग्गी असते. माझ्या वाट्याला बॅटरीवरची गाडी आली, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. बग्गीत बसून हात हलवायचा कुणाकडे?

टेकडीवर चढलं की रस्त्यावरचा सगळा कलकलाट खाली राहतो. बांधणाऱ्यानं हीच जागा का निवडली असेल, ते लगेच कळतं. हा महाल मुळात निजामानं बांधलेला नाही. पायगा घराण्यातले अमीर आणि पुढे राज्याचे दिवाण झालेले विकार-उल-उमरा यांनी १८८४ मध्ये पाया घातला आणि बांधकाम नऊ वर्षं चाललं. खर्च चाळीस लाखांच्या घरात गेला असं सांगतात. दिवाणसाहेब त्यात पुरते बुडाले. मग त्यांच्या बेगमनं तोड काढली, अशी कथा आहे: सहाव्या निजामाला, महबूब अली पाशांना, पाहुणे म्हणून बोलवावं, आणि त्यांनी महालाचं कौतुक केलं की "आपलाच आहे" म्हणून नजर करावा. निजाम आले, राहिले, रमले. महाल नजर झाला आणि निजामानं त्याचे पैसे मोजले. बेगमचं डोकं म्हणायचं! कथेत मीठमसाला किती आणि खरं किती ते बाजूला ठेवू. महाल निजामाकडे गेला, एवढं पक्कं. महबूब अली १९११ मध्ये वारले तेही इथंच. मूळ मालकाच्या हाती राहिली ती आद्याक्षरं. छतावर, खुर्च्यांच्या पाठींवर, जिथं बघाल तिथं विकार-उल-उमरांच्या इंग्रजी नावाची दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसतात. घर विकलं गेलं तरी दारावरची पाटी काढायची राहावी, तसं.

आणि निजामाच्या तिजोरीत पैसा कुठून यायचा? तेलंगण, मराठवाडा आणि कानडी जिल्हे या तिन्ही मुलखांतल्या शेतसाऱ्यातून. हा हिशोब मनात घेऊनच मी संगमरवरी पायऱ्या चढले. इतिहासाच्या मास्तरणीला दुसरं काय सुचणार?

जेवणाआधी पाहुण्यांना महाल फिरवून दाखवतात. माझ्याबरोबर एक मोठं गुजराती कुटुंब आणि परदेशी जोडपं होतं. माहिती देणारा तरुण सफाईनं बोलत होता; व्हाइसरॉय आणि दिवाणांच्या तसबिरी लावलेला जिना, विंडसर किल्ल्यातल्या ग्रंथालयाच्या धर्तीवर केलेलं ग्रंथालय, झुंबरं. हे सगळं मी भराभर पाहिलं. उत्तम आहे, पण असलं वैभव मी इतरत्रही पाहिलंय आणि त्यातलं फार थोडं लक्षात राहतं.

भोजनगृहाचं मात्र तसं नव्हतं. लांबलचक दालनात एकच मेज आहे आणि त्याला एकशे एक खुर्च्या. मेज एकशे आठ फूट लांब, सात तुकडे जोडून केलेलं. खुर्च्यांना हिरवं चामडं. मधल्या खुर्चीवर निजाम बसत. इतक्या लांब मेजावर एका टोकाचं हळू बोलणं दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, अशी दालनाची ख्याती आहे. तरुण मला म्हणाला, "मॅडम, आप इधरच ठहरो." मग तो चालत, चालत, चालत दुसऱ्या टोकाला गेला. गुजराती कुटुंबातली मुलंसुद्धा गप्प झाली. तिकडून तो काहीतरी पुटपुटला, आणि कानाशी बोलावं तसं मला ऐकू आलं: "खाना खाए क्या?"

मला हसूच आलं. एकशे आठ फुटांवरून विचारायचा तर हाच प्रश्न.

या मेजाची पुढची कहाणी मला त्याच्या लांबीपेक्षा जास्त आवडते. सातवे निजाम उस्मान अली खान इथं राहायलाच आले नाहीत. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत ज्यांची गणना व्हायची, ते किंग कोठीत साध्या कपड्यांत राहायचे आणि फलकनुमा बड्या पाहुण्यांसाठी ठेवायचे. शेवटचे मोठे पाहुणे १९५१ मध्ये आले, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद. म्हणजे राज्य विलीन होऊन तीन वर्षं झाल्यावर. त्यानंतर महाल बंद पडला. एकशे एक खुर्च्यांवर काही दशकं धूळ बसली. सातव्या निजामाचे नातू मुकर्रम जाह ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कुरणावर जाऊन राहिले. पुढे त्यांच्या पहिल्या पत्नी, मूळच्या तुर्कस्तानच्या प्रिन्सेस एसरा, यांनी डागडुजीत लक्ष घातलं, ताज हॉटेलवाल्यांनी महाल भाड्यानं घेतला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये दारं पुन्हा उघडली. २०१७ मध्ये पंतप्रधान मोदींनी इव्हांका ट्रम्प आणि इतर पाहुण्यांना याच मेजावर जेवू घातलं. एरवी कुणी सगळं मेज राखून ठेवलं तर तिथं पंगत बसते. माझ्यासारख्या सुट्या गिऱ्हाइकांची सोय "अदा" नावाच्या उपाहारगृहात होते. दख्खनी आणि निजामी पदार्थ तिथंच मिळतात.

तिथं वऱ्हांड्याकडेचं टेबल मिळालं. समोर उत्तरेला सगळं शहर पसरलेलं. दिवेलागण झाली होती. खालून मगरिबची अजान आली, मग दुसऱ्या मशिदीतली, मग तिसरीतली, एकमेकींच्या किंचित पुढंमागं. वाढायला आलेला मुलगा पंचविशीचा असावा. त्यानं समोरच्या खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता समोरचं काटे-चमचे-पेले असं सगळं पान इतक्या अलगद उचललं की आवाज झाला नाही. या एका गोष्टीसाठी मी त्याला पैकीच्या पैकी देते. "और कोई आनेवाले हैं?" हा प्रश्न एकट्या बाईला कुठल्याही हॉटेलात दहा मिनिटांत दोनदा ऐकावा लागतो. त्यानं तो एकदाही विचारला नाही.

खरी पंचाईत पुढे होती. हैदराबादी जेवण एकट्याचं नसतंच. ते दस्तरखानाचं जेवण. मधोमध मोठी थाळी, भोवती माणसं, हात एकमेकांना लागताहेत. बिर्याणी घ्या. कच्च्या गोश्तची बिर्याणी म्हणजे दह्यात, कच्च्या पपईत, मसाल्यात मुरवलेलं कच्चं मटण तळाशी, वर अर्धवट शिजलेला भात, आणि झाकणाच्या कडेनं कणीक लावून बंद केलेलं भांडं. मटण आणि भात दोन्ही एकाच वेळी शिजले पाहिजेत, कुणी मागं राहता कामा नये. हे गणित मोठ्या देगेतच चांगलं जमतं. म्हणून मी बिर्याणी मागवलीच नाही. हैदराबादला जाऊन बिर्याणी खाल्ली नाही म्हणून माझ्यावर नंतर टीका झाली. ती मी पदरात घेतली आणि सोडून दिली.

सुरुवातीला शिकमपुरी कबाब आले. दिसायला साधी टिक्की. काट्यानं मोडली तर आत पांढरी गाठ: टांगून घट्ट केलेलं दही, त्यात बारीक कांदा आणि पुदिना. बाहेरचं मटण पाट्यावर वाटल्यासारखं मऊ, गरम, आणि आत एकदम थंडगार आंबट. दोन चवींच्या मधे भिंत अशी नाहीच. मी दुसरा कबाब काट्यानं न मोडता सरळ हातानं खाल्ला. बाजूच्या टेबलावरचं जोडपं बघत होतं. बघू दे. एकटं जेवण्याचा हा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही: तुमच्या रीतीभातीची लाज वाटायला बरोबर कुणी नसतं, आणि अनोळख्यांची लाज टेबलावरून उठेपर्यंतच टिकते.

रोट्यांच्या टोपलीत कुलचा होता. कुलचा आणि निजाम यांचं नातं तर झेंड्यापर्यंत पोचलेलं. आख्यायिका अशी की पहिले निजाम दख्खनकडे येताना सूफी संत निजामुद्दीन औरंगाबादींना भेटले. संतांनी पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे पुढं ठेवले. भुकेल्या निजामानं सात खाल्ले, आठवा काही जाईना. संत म्हणाले, तुमच्या सात पिढ्या राज्य करतील. निजामांच्या आसफजाही घराण्याच्या झेंड्यावर जो पिवळा रंग आणि मधोमध जो गोल होता, तो हा कुलचा, असं मानतात. निजामही सातच झाले. या गोष्टीतलं मला महत्त्वाचं वाटतं ते संतांचं गाव. आसफजाही घराण्याची सुरुवात १७२४ ची, आणि हैदराबाद ही त्यांची राजधानी झाली १७६३ मध्ये. त्याआधी दरबार होता औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला. पहिल्या निजामाची कबर खुलताबादला आहे. आमच्याकडच्या शाळांच्या सहली वेरूळला जातात तेव्हा बस तिच्या जवळूनच जाते.

म्हणजे ज्याला आज लोक हैदराबादी म्हणून नावाजतात, त्या दरबारी स्वयंपाकाची घडी बसायला लागली ती मराठवाड्याच्या बाजारातलं सामान घेऊन. हे मी वर्गात कधी बोललेले नाही, कारण पाठ्यपुस्तकात चुलीचा इतिहास नसतो. पण त्या रात्री पुराव्याची वाटीच पुढं आली.

बगारा बैंगन. छोटी जांभळी वांगी, देठ तसंच ठेवलेलं, चार चिरा दिलेली. खाली बदामी रंगाचा दाट रस आणि वर तेलाचा तवंग. त्यात कढीपत्ता, दोन लाल मिरच्या, कलौंजीचे काळे दाणे. मी वांगं देठाला धरून उचललं आणि रस चाटला. भाजलेले शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, चिंच. एकेक ओळखत गेले. परभणीच्या कुठल्याही घरात भरल्या वांग्याला लागतं तेच सामान! फरक आहे, आणि तो बघण्यासारखा आहे. आम्ही कूट जाडाभरडा ठेवतो आणि वांग्याच्या पोटात भरतो, काळा मसाला घालतो, गुळाचा खडा टाकतो. वांगं त्या मसाल्यातच शिजतं. इथं वांगं आधी तेलात तळून घेतलेलं, मसाला भाजून इतका बारीक वाटलेला की दाणा जिभेला सापडत नाही, आणि गुळाला फाटा. आमचं वांगं मसाला पोटात ठेवतं, यांचं अंगावर पांघरतं. बायकांच्या किती पिढ्यांनी पाट्यावर हात दुखवले असतील तेव्हा तो दाणा असा नाहीसा झाला असेल.

मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, त्यामुळे फार प्राचीनतेच्या गप्पा कुणीच मारू नयेत, आम्हीही नाही आणि त्यांनीही नाही. पण दख्खनच्या कोरडवाहू जमिनीत एकदा रुजल्यावर शेंगदाण्यानं जात, धर्म, भाषा काही पाहिलं नाही. दिल्लीकडून आलेल्या अमिरांच्या खानसाम्यांना केशर, बदाम, मलई माहीत होती. इथं त्यांच्या हाती तीळ, दाणे, खोबरं आणि चिंच आली. मिर्ची का सालन घ्या, बगारा बैंगन घ्या, चिंचेची खट्टी दाळ घ्या: हैदराबादला लखनौपासून वेगळं काढणारं जे काही आहे, ते या गरीब सामानातूनच आलंय. केशर-बदामाचं कौतुक पुस्तकात होतं. चव मात्र कुणब्याच्या कोठीतली आहे.

मी वांग्याची वाटी जवळजवळ पुसून काढली तेव्हा तो वाढणारा मुलगा जवळ आला. "मॅडम, और लाऊं?" मी आणखी मागितलं. कुठून आलात, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, परभणी.

"हौ?" तो एकदम खुलला. "मेरे नाना पूर्णे में थे. रेलवे में."

पूर्णा म्हणजे परभणी आणि नांदेडच्या मधलं जंक्शन. निजामाची स्वतःची रेल्वे होती आणि पूर्ण्याला इंजिनांची मोठी शेड. किती तरी हैदराबादी कुटुंबं तिथं नोकरीसाठी येऊन राहिली. नानांचं काय आठवतं, असं मी विचारलं. त्याला आठवत होती ती नानीची भाकरी. "अम्मी अबी भी बैंगन के साथ जवारी की रोटीच बनाते. नानी पूर्णे से सीख के आए थे." मग इकडेतिकडे बघून, जरा आवाज खाली आणून तो म्हणाला, "इसके साथ वोइच अच्छी लगती."

माझ्या आजीनं वाशीमकडून परत येऊन रिकाम्या कणगीशी संसार मांडला, तेव्हा शेजारच्या तालुक्यात याची नानी कुणाकडून तरी भाकरी थापायला शिकत असेल. वर्षं जुळतात की नाही, मी त्याला विचारलं नाही. जुळवण्याचा मोह झाला होता. पण अशा जुळणीतून लोक लगेच "बघा, सगळे एकच होते" असा गोडवा काढतात आणि मला तो पटत नाही. सगळे एक नव्हते. माणसं जीव मुठीत धरून पळाली होती, आणि पोलिस कारवाईनंतर दुसऱ्या बाजूची माणसंही मारली गेली, तेही लिहून ठेवलेलं आहे. राजवटीला माफी देण्याचा अधिकार माझा नाही. तो असलाच तर आजीचा होता, आणि तिनं दिली नव्हती. मात्र निजामाच्या राजवटीबरोबर निजामाच्या मुलखातला स्वयंपाकही परका मानायचा, ही आपली सवय चुकीची आहे असं मला त्या टेबलावर पक्कं वाटलं. दालचा, तहारी, बगारा भात हे आम्ही घरी करतो आणि वर "मुसलमानी पदार्थ" म्हणतो. हैदराबादवाले बगारा बैंगन करतात आणि वर "शाही पदार्थ" म्हणतात. दोन्ही नावं अर्धवट. रांधणाऱ्या बायका एकमेकींच्या परसात बघून शिकल्या, आणि त्यातल्या एकीचंही नाव कुठल्या दफ्तरात नाही.

शेवटी खुबानी का मीठा. सुकी जर्दाळू रात्रभर भिजवून, साखरेत आटवून, लगदा होईपर्यंत शिजवायची. वर दाट साय. वाटीत एका कडेला सोललेल्या पांढऱ्या बिया ठेवल्या होत्या. जर्दाळूची आठळी फोडली की आत बदामासारखी बी निघते, ती ही. प्रत्येक आठळी हातानं फोडावी लागते, जोरात मारलं तर बी चुरडते, हळू मारलं तर आठळी सटकून भिंतीवर जाते. स्वयंपाकघरात हे काम कुणाचं असेल, हा प्रश्न मी वाढणाऱ्या मुलाला विचारला. "नये बच्चों का," तो हसून म्हणाला. त्यानंही केलं असावं. मी बिया शेवटपर्यंत राखून ठेवल्या आणि एकेक चावून खाल्ल्या. साखरेनंतर तो किंचित कडवटपणा फार बरा वाटतो.

मधे मुलीचा फोन येऊन गेला. "आई, फोटो पाठव ना." मी बगारा बैंगनच्या वाटीचा पाठवला. तिचं उत्तर आलं, "हे तर आपलं वांगं आहे." इतिहासाच्या प्राध्यापिकेला अख्खं जेवण लागलं ते तिनं एका फोटोत ओळखलं.

बिल आलं. आकडा सांगत नाही. आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याशी त्याची बरोबरी होती, एवढं पुरे. ते मी माझ्या पगारातून दिलं आणि मला त्याची रुखरुख लागली नाही. आपल्याकडच्या बायका बांगड्यांवर, पैठणीवर एवढे पैसे घालतात तेव्हा कुणी विचारत नाही. एकटीच्या जेवणावर घातले की उधळपट्टी. का बरं? साडी दहा जणी बघतात म्हणून? जेवण फक्त मी जेवले म्हणून?

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. टेबल आधी राखून ठेवा, नुसतं फाटकावर जाऊन आत सोडत नाहीत. दिवस मावळायच्या आत पोचा, म्हणजे महालही पाहून होतो आणि शहराचे दिवे लागताना दिसतात. एकटे असाल तर ठरावीक पदार्थांच्या लांबलचक भोजनाच्या फंदात पडू नका, निम्मं वाया जातं. बिर्याणी गावात, चार जणांबरोबर खा. इथं बगारा बैंगन मागवा, आणि दुसरी वाटी मागायला लाजू नका. बाई असाल आणि एकट्या असाल तर नक्की जा. वऱ्हांड्याकडेचं टेबल मागा, ते देतात.